कामगार संघटनेच्या अंतर्गत निवडणुकीत मतदान कसे करावे

युनियनच्या निवडणुकीची तारीख फलकावर लागली की कारखान्यातले वातावरण दोन दिवसांत बदलते. कॅन्टीनमध्ये बसण्याच्या जागा पॅनेलप्रमाणे वाटल्या जातात, शिफ्ट सुटताना गेटवर हस्तपत्रके हातात पडतात आणि एरवी नुसती मान हलवून पुढे जाणारी माणसे थांबून घरची चौकशी करतात. परंतु आपले मत खरोखर मोजले जावे असे ज्या सभासदाला वाटते, त्याचे काम या धामधुमीच्या बरेच आधी सुरू झालेले असले पाहिजे. मोजणीच्या टेबलावर तीन निवडणुकांत बसल्यानंतर माझी खात्री झाली आहे की मतदानाच्या दिवशी तुलनेने थोडी मते वाया जातात. त्याहून कितीतरी अधिक मते वर्गणीच्या थकबाकीत, कोणी न वाचलेल्या मतदार यादीत आणि अर्ज माघारीच्या दुपारी हातची जातात. म्हणून हे मार्गदर्शन मतपेटीपासून सुरू न करता तिच्या दोन-तीन महिने आधीपासून सुरू केले आहे.

निवडणूक कोणती, हे आधी ओळखावे

एकाच आस्थापनेत तीन निरनिराळ्या निवडणुका होऊ शकतात आणि बोलताना तिन्हींना ‘युनियनची निवडणूक’ असेच म्हटले जाते. त्यांपैकी एक मान्यतेची, म्हणजे व्यवस्थापनाने कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची हे ठरवणारी, असते. रेल्वेत ४, ५ आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी जे गुप्त मतदान झाले ते या प्रकारचे होते. तेथे मत संघटनेला द्यायचे होते, व्यक्तीला नव्हे, आणि कोणत्याही युनियनचा सभासद नसलेल्या कर्मचाऱ्यालाही मताचा अधिकार होता. दुसरी निवडणूक कामगारांच्या पतपेढीची असते. तिचे उमेदवार आणि पॅनेल पुष्कळदा युनियनचेच असतात, पण ती सहकार कायद्याखाली होते आणि तिथला मतदार हा पतपेढीचा सभासद असतो. तिसरी, म्हणजे या लेखाचा विषय असलेली निवडणूक, संघटनेच्या स्वतःच्या कार्यकारिणीची आणि पदाधिकाऱ्यांची असते. या निवडणुकीत मतदार कोण, मत कसे द्यायचे आणि निकाल कोणी जाहीर करायचा, हे मुख्यतः संघटनेच्या घटनेत लिहिलेले असते. त्यामुळे शेजारच्या कंपनीतल्या मित्राने सांगितलेली पद्धत आपल्याकडे लागू पडेलच असे नाही.

घटनेची प्रत हातात घ्यावी

घटना म्हणजे संघटनेच्या नोंदणीच्या वेळी निबंधकाकडे, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाखल केलेली नियमावली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा जवळजवळ शंभर वर्षे चालला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने त्याची जागा घेतली. जुन्या कायद्याखाली वैध नोंदणी असलेल्या संघटना नव्या संहितेखाली नोंदलेल्याच मानल्या जातात, मात्र आपली घटना संहितेच्या कलम ७ शी जुळवून घेतल्याचे निवेदन त्यांनी सुधारित नियमांसह निबंधकाकडे द्यायचे आहे. सध्याच्या काळात म्हणूनच घटनेची प्रत मागताना ‘शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि ती निबंधकाकडे नोंदली गेली आहे का’ हा प्रश्न अवश्य विचारावा. बऱ्याच ठिकाणी कार्यालयातल्या कपाटात एक प्रत असते, सरचिटणीसांच्या बॅगेत दुसरी असते आणि दोन्हींमध्ये एखाद्या कलमाचा फरक असतो. नोंदलेली प्रत हीच खरी. ती युनियनच्या कार्यालयातून मिळत नसेल, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातील कामगार संघटना निबंधकाकडे लेखी अर्ज करून मिळवण्याचा प्रयत्न करावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ठेवावी.

घटना हातात आल्यावर ती पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. चार जागा काळजीपूर्वक वाचल्या तरी पुरते. सभासदत्व केव्हा सुरू होते आणि केव्हा खंडित होते, कार्यकारिणीची मुदत किती, पदाधिकारी थेट सभासदांनी निवडायचे की आधी विभागवार प्रतिनिधी निवडून त्यांनी पदाधिकारी निवडायचे, आणि मतदान गुप्त की हात वर करून, एवढे तरी माहीत असायलाच हवे. जुन्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नव्हती, म्हणून बहुतेक घटनांमध्ये दोन किंवा तीन वर्षे हा कालावधी आढळतो. ही मुदत संपून वर्ष-दीड वर्ष उलटले तरी निवडणूक लागलेली नसेल, तर सभासदाने सर्वसाधारण सभेच्या मागणीचा लेखी अर्ज द्यावा. अशा सभेसाठी किती सभासदांच्या सह्या लागतात, हेही घटनेतच सापडते.

थेट निवड की प्रतिनिधींमार्फत निवड, हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. बँका, विमा आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संघटनांमध्ये पदाधिकाऱ्यांची निवड पुष्कळदा अधिवेशनात होते आणि तेथे मत देतात ते प्रतिनिधी. सामान्य सभासद या प्रतिनिधींना शाखेच्या किंवा विभागाच्या सभेत निवडतो. ही सभा संध्याकाळी कामाचे तास संपल्यावर असते, चहा होतो, कोणीतरी दोन नावे सुचवतो, टाळ्या वाजतात आणि वीस मिनिटांत सारे उरकते. अशा संघटनेत सभासदाचे खरे मत त्या वीस मिनिटांत दिले जाते. पुढे अधिवेशनात कोण सरचिटणीस झाला याविषयी त्याला कितीही तीव्र मत असले, तरी त्या वेळी त्याच्या हातात मतपत्रिका नसते.

वर्गणी, पावती आणि मतदार यादी

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनपाशी सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता आणि लिखित नियमही नव्हते. पुढे १९२६ च्या कायद्याने नोंदणीसाठी नेमक्या याच गोष्टी सक्तीच्या केल्या : सभासदांची यादी ठेवायची, ती पाहण्याची सोय सभासदांना द्यायची आणि वर्गणी ठरवायची. यादी पाहण्याची सोय घटनेत असलीच पाहिजे, ही अट नव्या संहितेतही कायम आहे. म्हणून यादी पाहायला मागणे हा कोणावरही अविश्वास नाही आणि ती मागताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

मतदार यादी एका ठरावीक तारखेपर्यंतच्या वर्गणीवरून तयार होते. ती तारीख निवडणुकीच्या सूचनेत दिलेली असते आणि अनेकदा ती सूचना निघण्याच्या आधीचीच असते. म्हणजे सूचना वाचून धावतपळत वर्गणी भरण्याचा उपयोग होत नाही. वर्गणी रोख दिली जात असेल तर प्रत्येक पावती जपून ठेवावी, आणि तिच्यावर टोकन नंबर (कामगाराचा कारखान्यातला क्रमांक), महिना व वसूल करणाऱ्याची सही आहे ना, हे पावती हातात घेतानाच पाहावे. वर्गणी पगारातून कापली जात असेल तर पगारपत्रकातली ती ओळ दर महिन्याला नजरेखालून घालावी.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी माझी बदली एका प्लांटमधून दुसऱ्या प्लांटमध्ये झाली. नव्या ठिकाणी पगारपत्रक तयार होताना वर्गणीची कपात सुरूच झाली नाही. रक्कम इतकी किरकोळ होती की हातात येणाऱ्या पगारात तो फरक मला जाणवला नाही. दोन महिन्यांनी निवडणूक लागली. तात्पुरती यादी कॅन्टीनबाहेरच्या फलकावर तीन दिवस होती आणि त्या तीनही दिवशी मी रात्रपाळीला होतो. अंतिम यादी लागली तेव्हा माझे नाव नव्हते, आणि हरकतीची मुदत संपली होती. बारा वर्षांचा सभासद असूनही त्या वेळी मी मत देऊ शकलो नाही. चूक कोणी मुद्दाम केलेली नव्हती, आणि वेळेवर एक अर्ज दिला असता तर ती दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती.

तात्पुरती यादी लागताच ती स्वतः पाहावी, किंवा आपली पाळी जुळत नसेल तर सहकाऱ्याला तिचा फोटो काढून पाठवायला सांगावे. नाव, टोकन नंबर आणि विभाग हे तिन्ही तपासावेत. विभाग चुकला तर विभागवार निवडणुकीत आपली मतपत्रिका भलत्याच जागेची निघते. हरकत नेहमी लेखी द्यावी, सोबत पावतीची किंवा पगारपत्रकाची छायाप्रत जोडावी आणि पोच घ्यावी. बदली झालेले, दीर्घ आजारपणाच्या रजेवर असलेले, प्रसूती रजेवरच्या भगिनी आणि निलंबित कामगार यांची नावे गळण्याचा संभव सर्वाधिक असतो. अशा सहकाऱ्यांची नावे आपल्या विभागापुरती कोणीतरी मुद्दाम शोधून पाहावीत. कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यायचे की नाही, हे संघटनेच्या घटनेवर अवलंबून असते. जेथे ते सभासद आहेत, तेथे त्यांचे मत कायम कामगाराच्या मताइतकेच असते.

अर्ज, छाननी आणि माघार

उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक म्हणून सही करणे हीदेखील मतदाराचीच कृती आहे. एका पदासाठी दोघांच्या अर्जांवर एकाच सभासदाची सही आढळली, तर छाननीत त्यावरून वाद होतो, म्हणून सही करण्यापूर्वी कोणत्या पदाचा अर्ज आहे हे पाहावे आणि कोरा अर्ज सहीसाठी पुढे आला तर नम्रपणे नकार द्यावा. उमेदवार १८ वर्षांचा असला पाहिजे, ही अट कायद्यातलीच आहे. बाहेरच्या व्यक्तींनाही कायद्याने मर्यादा घातली आहे : संघटित उद्योगात एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक-तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकेच जण उद्योगाबाहेरचे असू शकतात. कार्यकारिणीचे सदस्यही यात पदाधिकारी म्हणूनच मोजले जातात. नऊ जणांच्या कार्यकारिणीत तिघे बाहेरचे चालतील, एकवीस जणांच्या कार्यकारिणीत मात्र सात नव्हे, पाचच. निवृत्त झालेला किंवा कपातीत नोकरी गेलेला कामगार यासाठी बाहेरचा धरला जात नाही.

माघारीचा दिवस हा माझ्या मते संपूर्ण निवडणुकीतला सर्वांत दुर्लक्षित दिवस आहे. सकाळी दोन पॅनेल असतात, दुपारी ‘संघटनेच्या ऐक्यासाठी’ बैठक होते आणि संध्याकाळी फलकावर बिनविरोध निवडीची यादी लागते. खरोखर सर्वांना मान्य असलेली बिनविरोध निवड चांगलीच आहे. पण पदे आपसात वाटून घेतली गेली असतील तर शेकडो सभासदांना मत देण्याची वेळच येत नाही. उमेदवारांना जे प्रश्न विचारायचे आहेत ते म्हणूनच माघारीच्या मुदतीआधी विचारावेत, आणि ज्या उमेदवाराच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले असेल त्याला ते त्याच वेळी स्पष्ट सांगावे. अर्ज मागे घेणारा पुष्कळदा दबावापेक्षा एकटे पडल्याच्या भावनेने मागे घेतो.

काय विचारावे, याबाबत माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे हिशेब. मावळत्या कार्यकारिणीच्या काळातले लेखापरीक्षित हिशेब सर्वसाधारण सभेपुढे आले का, वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे गेले का आणि बँक खात्यावर सध्या कोणाच्या सह्या चालतात, हे विचारावे. दुसरी गोष्ट वेतनकराराची. चालू कराराची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते पाहावे आणि नव्या कार्यकारिणीची मुदत त्याच्याशी ताडून पाहावी, म्हणजे आपण ज्यांना निवडतो आहोत तेच मागणीपत्र देऊन वाटाघाटीला बसणार आहेत की नाही, हे कळते. करार तोंडावर असेल तर भाषणे करणाऱ्यापेक्षा महागाई भत्त्याचे कोष्टक आणि उत्पादनाच्या अटी समजणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. नुसती ‘किती हजार वाढ आणणार’ ही घोषणा ऐकून मत ठरवू नये. त्यातले मूळ वेतनात किती आणि भत्त्यांत किती, हे विचारावे, कारण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर बसतो.

व्यवस्थापनाकडून एखाद्या पॅनेलसाठी शब्द टाकला जात असेल, शिफ्ट बदलण्याची किंवा ओव्हरटाइम देण्याची भाषा होत असेल, तर तारीख, वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. मालकाने संघटनेच्या कारभारात ढवळाढवळ करणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते.

मतदानाचा दिवस

ओळखपत्र बरोबर असावे आणि टोकन नंबर पाठ असावा. केंद्र कोठे आहे, ते कोणत्या वेळेत उघडे आहे आणि आपल्या पाळीला ते कसे जुळते, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. शिफ्ट सुटण्याच्या वेळी रांग लांबते आणि कंपनीची बस थांबत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत जाणे केव्हाही चांगले.

मतपत्रिका हातात आल्यावर आधी तिच्या मागे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही किंवा शिक्का आहे का, ते पाहावे. नसेल तर ती तेथेच परत देऊन दुसरी घ्यावी. त्यानंतर प्रत्येक पदासमोर किती जण निवडायचे आहेत तो आकडा वाचावा. मोजणीच्या टेबलावर मी पाहिलेली बहुतेक बाद मते याच आकड्यावरून बाद झाली. कार्यकारिणीचे अकरा सदस्य निवडायचे असतात, मतदार एका पॅनेलच्या अकरा जणांवर शिक्के मारत खाली येतो, मग आपल्या लाइनवरचा, रोज शेजारी उभा राहणारा मित्र दुसऱ्या पॅनेलमध्ये दिसतो आणि बारावा शिक्का त्याच्यावर पडतो. तो एक शिक्का सर्व अकरा मते घेऊन जातो. मित्राला मत द्यायचेच असेल तर अकरांपैकी एक नाव आधी मनात वगळून मगच शिक्का उचलावा. ‘पॅनेल टू पॅनेल मारा’ हा प्रचार आहे, नियम नव्हे. मतपत्रिकेवर नावे स्वतंत्र असतील तर वेगवेगळ्या पॅनेलमधील माणसे निवडण्याचा सभासदाला पूर्ण अधिकार आहे. आकड्यापेक्षा कमी शिक्के मारले तर मत बाद होते की नाही, हे मात्र सूचनापत्रात पाहून घ्यावे, कारण काही घटनांमध्ये ठरलेली संख्या पूर्ण करणे बंधनकारक असते.

शिक्का उमेदवाराच्या चौकटीच्या मधोमध मारावा, रेषेवर नको. ग्रीस लागलेल्या बोटांचे ठसे कागदावर उमटले की मोजणीत ‘ही खूण आहे’ अशी हरकत निघू शकते, म्हणून आत जाण्यापूर्वी हात पुसावेत. शाई क्षणभर वाळू द्यावी आणि घडी आधी उभी घालावी, म्हणजे ओली शाई उमटलीच तर ती समोरच्या कोऱ्या भागावर उमटते, दुसऱ्या उमेदवाराच्या चौकटीत नव्हे. चूक झाल्याचे लक्षात आले तर पेटीत टाकण्यापूर्वी मतपत्रिका परत देऊन नवी मागावी. पेटीत पडल्यावर काहीही करता येत नाही. मतपत्रिकेवर सही, नाव किंवा ‘जिंदाबाद’ लिहू नये. मोबाइलवर फोटो काढून कोणाला पुरावा पाठवू नये, आणि कोणी तसा मागितला तर तो माणूस आपले मत विकत घेऊ किंवा धाकाने घेऊ पाहतो आहे, हे ओळखून निर्णय अधिकाऱ्याला सांगावे.

जेथे घटनेप्रमाणे हात वर करून निवड होते, तेथे पर्यवेक्षकाच्या किंवा जुन्या नेत्याच्या नजरेसमोर हात वर करणे नव्या कामगाराला किती जड जाते, हे मी गेटसभांत पाहिले आहे. कायद्याने पद्धत घटनेवर सोडली आहे, त्यामुळे गुप्त मतदान हवे असेल तर त्यासाठी घटनादुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडावा लागतो आणि मंजूर झाल्यावर तो निबंधकाकडे नोंदवावा लागतो. ऐन निवडणुकीच्या सभेत ही मागणी केली तर ती बहुधा फेटाळली जाते. तिच्यासाठी आधीच्या वार्षिक सभेत सूचना द्यावी.

मोजणी आणि निकालानंतर

प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी मोजणीला बसू शकतो का, हे आधी विचारून घ्यावे. मोजणी सुरू होण्यापूर्वी पेटीतल्या मतपत्रिकांची एकूण संख्या आणि यादीवर सही करून गेलेल्या मतदारांची संख्या जुळवली जाते; ती जुळल्याखेरीज गठ्ठे फोडू देऊ नयेत. बाद मतांचा गठ्ठा वेगळा ठेवून तो दोन्ही बाजूंना दाखवावा. फरक थोडा असेल तर फेरमोजणीची मागणी निकालावर सही होण्यापूर्वी, तेथल्या तेथे आणि लेखी करावी. दुसऱ्या दिवशी केलेल्या मागणीला फारसे वजन राहत नाही. वाद उभा राहिला असेल तर मतपत्रिका सीलबंद करून जपून ठेवण्याची मागणीही त्याच अर्जात लिहावी.

निवडणुकीचा वाद संघटनेत मिटला नाही तर दाद मागण्याचा मार्ग आहे. महाराष्ट्रात जुन्या कायद्यातील कलम २८-१ए खाली, किमान सहा महिने सभासद असलेल्या कामगाराला निबंधकाच्या संमतीने पदाधिकारी कोण, हा वाद औद्योगिक न्यायालयाकडे नेता येत असे. नव्या संहितेच्या कलम २२ मध्ये पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीविषयी सभासद आणि संघटना यांच्यातला वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे मांडण्याची तरतूद आहे. दिवाणी न्यायालयात हा दावा चालत नाही. अर्ज करण्यापूर्वी निवडणुकीची सूचना, दोन्ही मतदार याद्या, आपली लेखी हरकत आणि तिची पोच हे कागद एका फाइलमध्ये लावून कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवावेत.

निकाल बिनवादाचा असला तरी सभासदाचे एक काम उरते. नव्या पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकाला कळवावी लागते आणि बँकेतल्या सह्या बदलाव्या लागतात. हे झाले नाही, तर नवा सरचिटणीस वाटाघाटीला बसतो आणि समोरून ‘आमच्या नोंदीत आपले नाव नाही’ असे ऐकून परत येतो. निकालानंतर महिनाभराने युनियनच्या कार्यालयात जाऊन निबंधकाकडे पाठवलेल्या पत्राची प्रत पाहायला मागावी आणि तिच्यावर आवक विभागाचा शिक्का व तारीख आहे का, ते पाहावे.